नुकसानीचा रकाना

एरी गावात, मासळीच्या खानावळीच्या मागच्या खोलीत,
शुक्रवारी रात्री आम्ही नऊ डॉक्टर.
बाहेर सरोवरावरून बर्फ आडवा येतोय,
टेबलावर वकिलाने ठेवलेला फॉर्मांचा गठ्ठा,
त्यावर आधीच कुणाच्या तरी लिंबाचा थेंब.

वकील पोरसवदा, टाय सैल, क्लीव्हलंडहून गाडी हाकत आलाय.
म्हणतो, विमा कंपनीने अकरा वर्षं तुमची बिलं कातरली,
एका भेटीमागे चौदा डॉलर, कधी एकवीस.
एकेकट्याने भांडलात तर माझ्या पेट्रोलचाही खर्च निघायचा नाही.
सगळे मिळून आलात तर...
आणि तो माशाचा तुकडा तोडतो, वाक्य तसंच सोडून.

कोवाल्चिक म्हणतो, माझे दहातले सहा पेशंट त्यांचंच कार्ड दाखवतात.
उद्या यादीतून माझं नाव उडालं तर मी काय मासे तळू?
"तेल महाग झालंय, झिगी," हाडांची डॉक्टर ओडेट म्हणते.
म्हातारा फेरारो गप्प.
एप्रिलमध्ये दवाखाना विकतोय तो,
घेणारी कंपनी कोणाची, हे विचारायचं नसतं.

मी मृणाल हर्डीकर, कान-नाक-घसा, बावीस वर्षं याच गावात.
माझी हिशेबनीस डोरीन रोज पाऊण तास त्यांच्या फोनवर लटकून असते;
ती सॅक्सोफोनची एकच एक ओळ
आता भांडी घासतानाही गुणगुणते म्हणे.
आमच्याकडे म्हणतात, मी सांगितलं,
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.
"मग काय करावं शहाण्याने?" ओडेटने विचारलं. "फोन धरून बसावं?"

घरी येऊन फॉर्म उघडला.
नाव. परवाना क्रमांक. नुकसान, डॉलरमध्ये.
रकाना बोटभर.

आणि आठवला वेंडेल प्रुइट, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातला.
डाव्याच कानात शिट्टी वाजते, म्हणाला होता.
स्कॅन लिहायला मी पेन उचललं
आणि त्यांचं न आलेलं पत्र मनातच वाचलं:
आवश्यकता सिद्ध होत नाही.
अर्ज पाठवलाच नाही.
सहा महिने वाट पाहू, म्हटलं त्याला.
"तुम्ही म्हणाल तसं," टोपी हातात घेऊन तो म्हणाला.

त्यांनी त्याला नाही म्हटलंच नव्हतं.
त्यांचं नाही मीच म्हटलं,
फुकटात.

गाठ निघाली नंतर. लहान होती, वेळेत सापडली.
वेळेत हा शब्द तेव्हापासून मी
जरा जपूनच वापरते.

हे कुठे लिहू, मी वकिलाला फोनवर विचारलं.
तो थोडा थांबला.
म्हणाला, डॉक्टर, कोर्टाला फक्त कापलेले पैसे दिसतात.

सकाळी डोरीन दारात. टपाल जातंय, काही टाकायचंय?
आकडा लिहून झाला होता, एकवीस हजार चारशे साठ.
सही राहिली होती.
तिने पेन पुढे केलं, दुसऱ्या हातात फोन, कानाशी,
त्यातून तीच ओळ, बारीक,
मग एकदम बंद.
"लवकर करा," ती कुजबुजली, "माणूस आला लाइनवर."