आधी वरचा नट

साठच्या पुढं पिकअप गुणगुणते म्हणून
बापदेव घाट उतरून
मी खाजाभाईंच्या खड्ड्यावर, येवलेवाडीत.

"रिकामी गुणगुणते, की भरल्यावर?"
"भरल्यावर. पाय सोडला की गप्प."
ते हसले नाहीत. म्हणाले, ऑइल आण.

नाना पेठेत दुकानदार विचारतो,
नव्वद की एकशेचाळीस?
फरशा वाहतो, सांगितलं. आणि घाट.
त्यानं एकशेचाळीस काढलं.
ट्रान्सफर केसला मात्र वेगळा डबा, पातळ:
"अदलाबदल करू नका, पितळ खाईल."

खड्ड्यात उतरल्यावर पहिला नियम:
आधी वरचा नट, भरायचा.
तो निघाला तरच खालचा.
नाहीतर पोट रिकामं
आणि तोंड बंद.

वरचा गंजलेला. पान्याला पाइप लावून
दोघं लोंबकळलो.
करकरला, मग एकदम ढिला.

काळं, गंधकाच्या वासाचं, कोमट
फुटक्या टबात पडत राहिलं.
खालच्या नटाच्या चुंबकावर लोखंडाचं पीठ.
खाजाभाईंनी ते दोन बोटांत चोळलं,
गिरणीवर बघतात तसं.
"बारीक आहे. कणी लागली असती
तर क्राऊनचा दात शोधत बसलो असतो."

नवं भरलं भोकाच्या काठापर्यंत,
करंगळी घालून बघितलं,
ती अजून वास मारते.

संध्याकाळी त्याच घाटात, भरल्या गाडीनं,
खाली कोंढव्याचे दिवे.
गुणगुण होती.
कमी, पण होती.

खाजाभाईंना फोन केला नाही.
काच तेवढी वर घेतली.