चौथी खाच

नाना पेठेत, जिथे गाड्यांचे अवयव
किलोवर मिळतात,
याकोब साळव्यांनी मला एक पाना दिला.
चंद्रकोरीसारखा वाकडा, टोकाला एकच दात.
"पैसे नकोत. परत आणा."
(अजून नेऊन दिलेला नाही. आधीच सांगून टाकतो.)

शॉकॉपच्या तळाशी पाच खाचा असतात.
सहा वर्षं मी दुसरीवर फिरत होतो
आणि मला पत्ता नव्हता.
वृषाली मागे बसली
की हेडलाइट रस्ता सोडून
डहाणूकर कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्या बघायचा,
वाळत घातलेले टॉवेल, कोरफड, एकदा तर चक्क
दात घासणारे एक गृहस्थ.
गतिरोधकावर खालून ठक् आवाज आला
की ती मागून म्हणायची,
"मी काही नाही हं केलं."

"स्प्रिंग कडक होत नसते, साहेब,"
याकोब हात पुसत म्हणाले, त्याच फडक्याने, ज्याने हात आणखी काळे होतात.
"आकडा वाढवला म्हणून तिची ताकद वाढत नाही.
ती नुसती ओझं यायच्या आधीच
जराशी दबून बसते.
मग ओझं आलं, तरी दचकत नाही."

रविवारी पार्किंगमध्ये मोजमाप.
दिवेकरांनी हँडल धरलं, काखेत पुरवणी तशीच.
वरच्या मजल्यावरचा ऋग्वेद
भूमितीच्या वहीत मागून लिहायला बसला.
शिंप्याचा टेप, मागच्या चाकाच्या आसापासून सीटच्या कडेपर्यंत:
रिकामी गाडी, अठ्ठावन्न.
मी बसलो, पंचावन्न.
मग वृषाली.
"वजन सांगणार नाही," ती म्हणाली.
"नको सांगूस. स्प्रिंग सांगेल."

यानंतर पार्किंगमध्ये जी शांतता पसरली
तिच्यात दिवेकर पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले,
आणि ऋग्वेदने, विचारलं नसताना, मोठ्याने वाचलं:
"एक्कावन्न."

मी पाना लावला. दोन्ही बाजूंना, सारखा.
दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी,
दर वेळी कट् आवाज आणि सोललेलं एक बोट.
पुन्हा बसलो दोघं.
सव्वाबावन्न.
एवढाच फरक, बोटाच्या पेराएवढा.
पण त्या रात्री पौड रोडवर
उजेड पहिल्यांदाच रस्त्यावर पडला
आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "बरं आहे."
वृषालीचं बरं आहे म्हणजे
तुमच्या घरचं अप्रतिम.

सोमवारी एकटा निघालो,
खाच उतरवायला विसरलो.
विद्यापीठ चौकापर्यंत कळलं नाही.
पुढे रेंजहिल्सला प्रत्येक खड्डा
थेट मणक्यात सही करू लागला.
गाडी मागून उडत होती, हलकी, उतावीळ,
कुणाला तरी उचलायला पाठ ताठ करून
तयार राहिलेली,
आणि वर फक्त मी. पासष्ट किलो आणि डबा.

बोपोडीच्या सिग्नलला एकाने हात केला.
सिक्युरिटीचा निळा शर्ट, बगलेत टेबलफॅन,
पात्यांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं.
"नाशिक फाटा?"
"बसा."
बसला. आणि गाडी
खाली आली, तेवढीच, जेवढी यायला हवी होती.
दापोडीच्या पुलावर एकही धक्का नाही.
त्याने नाव सांगितलं, ते वाऱ्यात गेलं.
फॅनबद्दल सांगितलं: रात्रपाळीच्या केबिनमधला,
स्वतःच्या पैशांनी घेतलेला, म्हणून नोकरीबरोबर घरी चाललेला.
हे मात्र नीट ऐकू आलं.

उतरताना त्याने सीटवर थाप मारली,
बैलाच्या पाठीवर मारतात तशी.
"गाडी मऊ आहे हो तुमची."
मी काही समजावत बसलो नाही.

भोसरीपर्यंतचे उरलेले अडीच किलोमीटर
ती पुन्हा उडत होती.
पाना पिशवीतच होता.
दोन मिनिटांचं काम.
थांबलो नाही.