तीस मीटर

लातूरच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
वऱ्हांड्यात दर तीन मीटरला खडूची रेघ.
सकाळी मी ओढतो,
दुपारी चंपाबाई फडक्यानं पुसून टाकतात.
आमचं भांडण नाही.

फुप्फुसातला दाब वाढलेली माणसं
या रेघांवरून सहा मिनिटं चालतात.
मी बोटाला चिमटा लावतो, घड्याळ धरतो,
आकडा लिहितो. एवढंच माझं काम.

उदगीरच्या शिवकांता हालगे: ब्याण्णव किलो.
काट्यावर चढण्याआधी चप्पल काढतात,
मग बांगड्याही.
"तेवढंच हलकं," म्हणतात.
औशाच्या नसीमबी: एकोणचाळीस.
त्या चपलेसकट चढायच्या.

नसीमबी तीनशे चाळीस मीटर चालल्या.
शिवकांताबाई दोनशे दहा,
त्यातही दोनदा भिंतीला टेकून,
"थांब की लेकरा, जीव घेऊलालास का?"
मी मनातल्या मनात पैज लावली होती.
कोणावर, ते सांगत नाही.

येळवशीनंतर शिवकांताबाई आल्या,
भज्जीचा डबा, आंबिलीची बाटली.
बसल्या तशी खुर्ची कुरकुरली.
धाप खाली बसायला बराच वेळ गेला,
मग बाकावर नजर फिरवून म्हणाल्या,
"ती बारकी बाई दिसंना आज?"

डॉक्टर एकदा चहा पिता पिता बोलले होते
की या आजारात कधी कधी
जाड माणसं जास्त दिवस टिकलेली दिसतात.
का, ते नीट कळलेलं नाही.
कुणी म्हणतं अंगात साठा असतो, आजार तो खात बसतो.
कुणी म्हणतं जाडांना धाप आधी लागते, म्हणून ते आधी येतात.
कुणी म्हणतं बारीक माणसाला आजारानंच बारीक केलेलं असतं,
आपण उलटं मोजतो.
"हे बाहेर बोलू नका," कप ठेवत म्हणाले,
"गुडघे आहेत, साखर आहे, रात्रीचं घोरणं आहे."

नसीमबीचा कागद अजून माझ्या खणात आहे.
पुढची तारीख मी पेन्सिलनं लिहिली होती,
खोडता येईल म्हणून.
खोडलेली नाही.

"गावाकडं गेल्या असतील," मी म्हणालो.
शिवकांताबाईंनी मान हलवली,
विश्वास ठेवल्यासारखी.

काटा एकोणनव्वदवर थांबला.
"तीन किलो उतरलं की, काकू!"
माझा आवाज जरा मोठाच निघाला.
बांगड्या परत हातात सारताना
त्यांनी माझ्याकडं सावकाश पाहिलं.
"ते चांगलं हाय का वाईट?"

मी पहिल्या रेघेपाशी जाऊन उभा राहिलो.
रेघ अर्धी पुसलेली होती.
"चला," म्हणालो, "घड्याळ लावलंय."