वाऱ्याचं थडगं

ली सोन बेटावर लसणाची काढणी संपली की
समुद्रात राहून गेलेल्यांना मातीची शरीरं मिळतात.
त्या वर्षी आईने माझ्या बापाचा नंबर लावला.

म्हातारा वो विझलेल्या डोंगराच्या तोंडातली माती आणतो,
रात्रभर भिजवतो, कापूस घालून तिंबतो.
तुतीच्या काटक्यांची हाडं.
बरगडी मोजून रोवता रोवता
मान वर न करता विचारतो,
खांदा कुठला खाली होता?
डावा, आई म्हणते, जाळं त्याच बाजूने ओढायचा.
गुडघे?
गुडघ्यांचं काही नव्हतं.
चेहरा?

फोटो एकच होता. तो वादळात गेला, भिंतीसकट.
आई बोलली नाही. माझी हनुवटी धरली
आणि मला दिव्याकडे वळवलं.

तासभर बाकावर बसवलं मला.
हलू नकोस, म्हणाला वो, जांभई आवर,
आणि माझ्या नाकाकडे बघत त्याने बापाचं नाक काढलं.
आई मध्येच: कान एवढे मोठे नव्हते हो,
हे माझ्या माहेरचे.
वोने सुरीने कान तासले.
माझा हात आपोआप माझ्या कानावर गेला.

तो बोटीवर चढला तेव्हा सव्वीसचा,
मी पोटात, चौथा महिना.
वोच्या बाकावर बसलो तेव्हा मला तीस पूर्ण.
म्हणजे वडील माझ्याहून चार वर्षांनी धाकटे
आणि तरी वडीलच.
हा हिशोब उदबत्तीच्या धुरात जमतो,
उजेडात मांडायला जाऊ नये.

ओठांत वोने दाण्याएवढी फट ठेवली,
आत्म्याला आत शिरायला.
किनाऱ्यावरून हाक मारायची ती मुलाने.
पण काय म्हणून मारू?
तो शब्द मी कधी कुणासाठी वापरलाच नव्हता,
तोंडात नवा होता, चपलेसारखा चावत होता.
आई म्हणाली, नावाने तो कधीच उठला नाही.
जेवण वाढलंय म्हण.

जेवण वाढलंय!
मी पाण्याकडे तोंड करून ओरडलो,
जेवण वाढलंय, या!
दोन कोळणींनी वळून पाहिलं.
एक कुत्रं शेपूट हलवत आलं.
पुरे, म्हणाला वो, आला.

आता मी एकेचाळीस. त्याला सव्वीसच.
दर वर्षी त्याच दिवशी पांढऱ्या वाळूत गुडघे टेकतो,
भात ठेवतो, तळलेला बांगडा,
एक सिगारेट पेटवून वाळूत खोचतो.
माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा हा पोरगा,
त्याच्यापुढे तीनदा कपाळ टेकवून
मी मुलांसाठी आयुष्य मागतो,
आईच्या गुडघ्यांसाठी थोडी दया,
आणि एवढं एक सांगतो की तुला नात झाली,
तिचे कान बघ.
सगळं ओरडूनच सांगावं लागतं.
शेजारचे शेतकरी हसतात.
त्यांना काय माहीत,
आईने त्याचे कान लहान करून घेतलेत.