एक जास्त

पावणेचारला फ्रँकफर्टचा क्रू उतरतो.
चाकांच्या आवाजावरून मी माणसं ओळखते.
नव्या मुलींच्या बॅगा तेलावरून जातात,
इग्नेशियस मिस्किटाची खडखडते,
मी सहारला बदलून आले तेव्हापासून खडखडते.

नियम झोपेतही म्हणेन :
चॉकलेट, चीज, सौंदर्यप्रसाधनं
आणि इतर किरकोळ भेटवस्तू.
'किरकोळ' या एका शब्दावर
या टेबलाशी किती रात्री गेल्या, विचारू नका.
एकीने सासऱ्यांच्या कानयंत्राचे सेल आणले होते,
एका को-पायलटने कुत्र्याचा रेनकोट.
दोन्ही मी किरकोळात घातले.
सोन्याची चेन किरकोळ होत नाही,
बुटाच्या टाचेत सापडली तर मुळीच नाही.
त्या मुलीचं नाव इथे घेत नाही.
पंचनाम्यात घेतलंय, तेवढं पुरे.

माझा मुलगा शाळेत सांगतो,
आईच्या ऑफिसात चॉकलेटचं गोदाम आहे.
खरंच आहे.
पंधरा वर्षांत त्यातली चांदीसुद्धा घरी गेली नाही.

आज बारची ट्रॉली.
सील शाबूत, नंबर जुळला.
पोरं गोट्या मोजतात तशा
पन्नास मिलिलिटरच्या बाटल्या मी मोजल्या.
निघताना चाळीस, गेल्या सव्वीस,
उरायला हव्यात चौदा.
भरल्या पंधरा.
तावडे हवालदाराने मोजल्या. पंधरा.

कमी भरलं की मला सगळं येतं :
तूटफूट, गळती, खुलासा, शुल्क, दंड.
कमीची भाषा सरकारला मुखोद्गत आहे.
जास्तीला फॉर्मवर रकाना नाही.

मिस्किटा टोपी काखेत धरून उभा.
त्याची ही शेवटची फ्लाइट.
"मॅडम, ती माझी. म्हणजे एअरलाइनची. म्हणजे,
सत्त्याण्णवला मस्कतहून येताना
बत्तीस-अ वर एक बाई होती.
नवरा खाली, सामानात. पेटीत.
तिने काही मागितलं नाही. मीच एक दिली,
आणि कागदावर लिहिलं, फुटली."
"मग?"
"प्यायली नाही. पर्समध्ये ठेवली बहुतेक.
मी बघितलं नाही नीट. लँडिंग होतं."

"ही कुठून आणली?"
"मरोळ नाक्यावरून. बिल आहे."
घडी घालून घालून मऊ पडलेलं बिल,
सर्व करांसहित.
म्हणजे कर भरलेली बाटली
फ्रँकफर्टला जाऊन आली
आणि करमुक्त बाटल्यांत गुपचूप शिरली.
अशी तस्करी मी पहिल्यांदा पाहिली,
सरकारच्या बाजूने केलेली.

साहेबांना फोन लावला.
"पागनीस बाई, कमी की जास्त?"
"जास्त, सर."
बराच वेळ त्यांच्या घरचा पंखा ऐकू आला.
मग फोन ठेवल्याचा आवाज.

मिस्किटाने स्वतःची बॅग न सांगताच उघडली.
दोन चॉकलेटं, चीजचा एक तुकडा,
बायकोसाठी हाताला लावायचं क्रीम.
"किरकोळ," तो म्हणाला.
"किरकोळ," मी म्हणाले, आणि शिक्का मारला.
सहार गावठाणात घर त्याचं, क्रूसाच्या मागे.
कंपनीची गाडी सोडून तो चालत निघाला,
खडखड रॅम्पवरून उतरली,
पार्किंगच्या खांबांमागे बराच वेळ येत राहिली.

बाटलीला चिठ्ठी बांधली. मालखान्यात
त्या टाचेच्या बुटाशेजारी जागा होती.
वस्तू : एक. किंमत : बिलाप्रमाणे.
कारण : विचारले, सांगितले.
मालक :
इथे पेन थांबलं.
मग लिहिलं, प्रवासी, आसन बत्तीस-अ.

तावडे वाकून वाचत होता.
"मॅडम, असं चालतं?"
माहीत नाही, म्हटलं.
रकाना रिकामा सोडायचा नाही,
एवढाच नियम मला त्या वेळी आठवला.