हवं तर घ्या

रात्री पावणेदोनला पाथर्डी फाट्यावर
अंबडच्या पाळीची बस वळते,
तिच्या दिव्यात भिंतीवरचं कॅलेंडर एकदा उजळतं
आणि मी यादी उघडतो.

पगाराचं काम दिवसा. स्विचगिअरच्या कारखान्यात
साठ्याचे आकडे जुळवतो.
हे रात्रीचं, बिनपगारी:
सतरा पॅकेजं माझ्या नावावर.
आधीचा थकला, म्हणाला, सांभाळशील का थोडे दिवस?
मी हो म्हणालो.
थोडे दिवस चालूच आहेत.

परवा सुरगाण्याहून भास्कर गावितांचं पत्र.
आश्रमशाळेत शिकवतात. अकरा जुने संगणक,
कुठल्याशा बँकेने काढून टाकलेले, डिस्क एवढीशी.
लिहितात:
सर, मुलांसाठी घड्याळ बसवायला घेतलं,
तर सोबत छापखाना आला.
छापखान्यामागून फॉन्टांचा गठ्ठा,
त्यामागून टोल्यांचं काहीतरी.
इथे रेंज टेकडीवर मिळते.
तीन तास मी टेकडीवर होतो.
घड्याळ अजून पोचलेलं नाही.

हसलो आधी.
मग आठवलं, घड्याळ माझं आहे.

घड्याळाला छापखाना कशाला?
मागे मागे गेलो, सहा वर्षं मागे.
कुणा एकाला वेळापत्रक छापायचं होतं,
कुणीतरी घाईत एक ओळ लिहून टाकली:
लागतंच.
लिहिणाऱ्याचं नाव बघितलं.
उठून पाणी प्यायलो.

आमच्याकडे नात्याला शब्द तीनच:
लागतंच.
असलं तर बरं.
हवं तर घ्या.
माझी बहीण लग्नाची यादी करते
तेव्हा तिला फक्त पहिला येतो.
मला तरी कुठे दुसरे दोन येत होते?

रविवारी मखमलाबाद रोडला मिसळ सांगितली की
पापड येतो, दही येतं, जिलबी येते,
सांगितलेली नसते तरी.
आपण खातो. पानात टाकणं बरं दिसत नाही.
पण गावितांचं पानच पुस्तकाच्या पानाएवढं.

छापखाना काढला. फॉन्ट आपसूक गेले.
टोल्यांपाशी हात थांबला.
ते यावलच्या इरफान तडवीचं. कधी भेट नाही.
शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची:
"बाराव्या टोल्यातली खरखर काढली."
सगळ्या जगात त्याच्या या कामाची गरज
फक्त माझ्या घड्याळाला.
ही ओळ खोडली
की त्याच्या नावापुढे यंत्र लिहिणार: निराधार.
यंत्राचा त्यात काही राग नसतो.

त्याला लिहिलं. पंधरा दिवस वाट पाहिली.
पत्र परत आलं नाही, उत्तरही नाही.

मग ओळ खोडली नाही, खाली सरकवली.
पहिल्या शब्दाखालून तिसऱ्याखाली.
दोनशे बारा एमबीचं घड्याळ
साडेतीनशे केबीत बसलं.

दुसऱ्या दिवशी कोईमतूरहून एकजण चिडला:
छपाई बंद पडली, काय नडलं होतं तुमचं?
म्हटलं, दादा, एक ओळ टाइप करा, परत येईल.
त्याने केली. आली. आभार वगैरे नाहीत.

गावितांचं चार शब्दांत:
घड्याळ पोचलं. सात मिनिटात.
खाली पुन्हा:
मुलं विचारतात, हे वाजत का नाही?

आता याला काय उत्तर द्यायचं.

बस गेली. कॅलेंडर विझलं.
माझ्या मशीनवर मी तडवींचे टोले ठेवलेत,
जागा आहे म्हणून,
म्हणजे, हवे होते म्हणून.
तीन वाजले.
नीट ऐकलं. बाराची वाट कोण बघणार,
पण तीनमध्ये तरी खरखर नाही.