मुंग्या

कंपूच्या कोपऱ्यावर मी टेबल मांडते,
नोव्हेंबरात, सकाळी साडेसहाला.
काडेपेटीएवढं यंत्र, पट्ट्यांची डबी, कापूस,
आणि निळ्या कागदावर माझ्याच अक्षरात:
साखर तपासा. पैसे नाहीत.
वेळ, उखाणा घेण्याइतका.
उखाणा वाचून शितोळेकाकू हसल्या
आणि पुढे केलेलं बोट मागे घेतलं.

बोट मागे घेण्यात आपण सगळेच पटाईत.
"मला कुठे काय होतंय?"
"आमच्या घराण्यात नाही."
"गोड मी खातच नाही, चहात फक्त दोन चमचे."
"आकडा कळला की आजार चिकटतो."
एक जण म्हणाला, आधी देवाला विचारून येतो.
मी म्हटलं, या, तोवर सुई बदलते.

पाठीमागे राठौरच्या दुकानात गजक कुटतायत.
दोघं समोरासमोर, लाकडी मोगऱ्या आळीपाळीनं,
धप्. धप्.
थंडी पडली की साऱ्या लष्करात हा ठोका ऐकू येतो.
मीही याच ठोक्यावर
लहानाची मोठी झाले.

अप्पा छोट्या लाइनीवर गार्ड होते,
श्योपूरपर्यंत दिवसभर उभ्यानं.
आमच्या मोरीत तेव्हा मुंग्या यायच्या.
काळ्या, शहाण्या, रांगेतल्या.
आई दोन वर्षं फिनाइल ओतत राहिली.
इतक्या लांबून त्या काही सांगायला आल्या होत्या
आणि आम्ही त्यांच्यापुढे खडूची रेघ मारली.

मग मुंग्या अप्पांच्या पायांत आल्या.
पलंगाच्या कडेला टाचा आपटत ते हसायचे,
"गाडी यार्डात लागली, चाकं फिरतायत अजून."
आणि एका उन्हाळ्यात म्हणाले,
गेल्या बरं का मुंग्या!
आईनं त्या दिवशी शिरा केला.

मुंग्या नव्हत्या गेल्या.
पाय गेला होता,
फक्त जागेवर होता.

हे मला कळलं तेव्हा मी लॅबमध्ये
दुसऱ्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते,
आणि अप्पांची तीन बोटं
मोठ्या दवाखान्यात राहून गेली होती.

आठाच्या सुमाराला राठौर स्वतः आला.
एक्केचाळिशीचा. बाराव्या वर्षापासून मोगरी हातात.
"परसों भट्टी का अंगारा गिरा पाँव पे।
पता ही नहीं चला, बहनजी। लड़के को बू आई।"
मर्दुमकी सांगावी तसं सांगत होता.

आधी हात धू, म्हटलं,
बोटाला गूळ असला की यंत्र खोटं बोलतं.
त्यानं धुतले. मी पुन्हा धुवायला लावले.
मग टोचलं.
पाच सेकंद, मोगरीचे सहा-सात ठोके.
तीनशे अठरा.

"ज़्यादा है?"

रागवावंसं वाटलं, पण कुणावर?
मोरीपाशी फिनाइलची बाटली घेऊन
मीही उभी होतेच की.
म्हटलं, तो भाजलेला पाय घेऊन आजच दवाखान्यात जा.
उद्या उपाशीपोटी रक्त दे.
आणि रोज रात्री बायकोला म्हण, तळपायाखाली आरसा धर.
"आईना?"
पाय बोलत नाहीत तुझे. मग बघावं लागतं.

तो बराच वेळ आपल्या चपलांकडे बघत राहिला,
जशा त्या कुणी दुसऱ्याच्या होत्या.
आत मोगरी थांबली होती. पोरगा दारात.
मग भिडेखातर त्यानं गजकेची पुडी पुढे केली,
आणि खोटं कशाला बोलू,
अर्धी वडी मी खाल्ली. चांगली होती.

चुरा निळ्या कागदावर सांडला.
थोड्या वेळानं, कुठून कोण जाणे, पहिली मुंगी आली.
शितोळेकाकू अजून तिथेच घुटमळत होत्या,
त्या झटकायला पुढे झाल्या.
मी त्यांचा हात वरच्यावर धरला.
असू दे, म्हटलं, तिला कळतं.

आणि हात धरलाच होता,
तर कापसानं बोट पुसून घेतलं.